क्राफ्टिंगची घडणावळ सुटते का, हे आधी कसे पाहावे

इंदुरात राजवाड्याजवळच्या सराफ्यात दागिना घेतला, की सोन्याचा भाव आणि घडणावळ हे दोन आकडे वेगवेगळे सांगितले जातात. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधल्या ऑक्शन हाउसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या बाजारात, तयार वस्तूवर एकच किंमत लिहिलेली असते, आणि त्या किमतीतून कच्च्या मालाचा भाव वजा करून घडणावळ वेगळी काढण्याची सवय नसल्यामुळे बहुतेक खेळाडूंचा क्राफ्टिंगचा, म्हणजे गेममध्ये वस्तू बनवून विकण्याचा, हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. एखादे प्रोफेशन, म्हणजे लोहारकामासारखे कसब, वरच्या लेव्हलपर्यंत नेणे परवडेल का, याचे उत्तर मात्र याच घडणावळीत असते. ऑक्शन हाउसचा कर वजा जाता ती किती उरते, दिवसाला असे किती नग विकले जातात आणि त्या रेसिपीची (वस्तू बनवण्याच्या कृतीची) मागणी किती दिवस टिकणार, एवढ्या तीन गोष्टी ठरवता आल्या की बाकीचा निर्णय कठीण राहत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा रामबागेतल्या आमच्या घरी आला होता. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक’मध्ये त्याने नुकतेच लोहारकाम घेतले होते आणि दुपारभर खाणी हिंडून तांब्याच्या ६० कांबी जमवल्या होत्या. एका पट्ट्याला सहा कांबी, या हिशेबाने त्याने दहा पट्टे घडवले आणि मोठ्या आनंदाने मला म्हणाला, “मामा, तांबं मी स्वतःच खणलंय, त्यामुळे जे येईल तो सगळा नफाच.” मी त्याला ऑक्शन हाउसमध्ये कांबीचा भाव पाहायला सांगितले. कांब १० सिल्व्हरला जात होती, म्हणजे (१०० सिल्व्हरचे एक गोल्ड या हिशेबाने) पट्टे घडवण्याआधी त्याच्याजवळ ६ गोल्डचा माल होता. पट्टे प्रत्येकी २५ सिल्व्हरला मांडलेले होते आणि तेही कोणी घेत नव्हते. सगळे खपले असते तरी अडीच गोल्ड आले असते. तो बराच वेळ गप्प बसून त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिला.

स्वतः खणलेले धातूही बाजारभावानेच धरावेत, हा या विषयातला पहिला नियम आहे. खाणकाम आणि लोहारकाम हे दोन स्वतंत्र धंदे आहेत असे समजून दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवावेत. मग नफा खाणीतून येतो आहे आणि ऐरण तो खाते आहे, हे चटकन दिसते. स्वतःच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूंनाही हेच लागू पडते. रेडसाठी (अनेकांनी मिळून करायच्या मोठ्या चढाईसाठी) लागणारा फ्लास्क, म्हणजे ताकद वाढवणारे औषध, आपण घरी बनवला म्हणून त्याची पूर्ण किंमत वाचली असे होत नाही, कारण त्यात घातलेल्या वनस्पती विकून पैसे आले असते; वाचते ती फक्त मधली घडणावळ आणि वनस्पती विकल्या असत्या तर द्यावा लागला असता तो कर.

आता पूर्ण हिशेब एकदा मांडून पाहू. समजा एका नगाचा कच्चा माल ८० गोल्डचा आहे आणि तयार नग ९० गोल्डला जातो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चे ऑक्शन हाउस विक्रीवर ५ टक्के कापून घेते, म्हणजे हातात ८५.५ गोल्ड येतात आणि घडणावळ उरते साडेपाच. प्रोफेशन वर नेण्यास ६,००० गोल्डचा माल लागला आणि नऊ तास गेले, असे धरू. त्याच नऊ तासांत दुसरे काही करून तासाला ३०० गोल्ड मिळाले असते, तर ते २,७०० गोल्डही खर्चातच मोडतात. एकूण ८,७०० गोल्ड साडेपाच-साडेपाचने वसूल करायचे म्हणजे सुमारे १,५८२ नग विकावे लागतील, आणि दिवसाला २० नग खपत असतील तर त्याला जवळजवळ ८० दिवस लागतील. एवढ्यावर पुष्कळ जण समाधान मानतील. परंतु भाव ९० वरून ८६ वर आला, तर घडणावळ १.७ वर येते आणि वसुलीचे दिवस २५० च्या पुढे जातात. ८४ ला तर प्रत्येक नगामागे खिशातून भरावे लागते. भाव १० टक्केही न उतरता धंदा बसू शकतो, म्हणून अशा बारीक घडणावळीच्या भरवशावर प्रोफेशन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कराचा दर प्रत्येक गेममध्ये वेगळा असल्याने तोही आधी पाहावा. ‘गिल्ड वॉर्स २’मध्ये माल मांडताना ५ टक्के आणि विकल्यावर १० टक्के असे मिळून १५ टक्के जातात. तिथे वरच्याच उदाहरणातला ९० चा नग ७६.५ हाती देईल, आणि ८० च्या मालावर साडेतीनचा तोटा होईल. कच्च्या मालाच्या किमतीला ०.८५ ने भागले की ९४.१ हा किमान भाव मिळतो. ५ टक्क्यांच्या बाजारात ०.९५ ने भागावे. हा भागाकार करून पाहिल्याशिवाय मी कोणतीही रेसिपी विकत घेत नाही.

तयार माल कच्च्या मालापेक्षा स्वस्त का मिळतो, हे नव्या खेळाडूला कोडे वाटते. त्याचे कारण असे, की लेव्हल वाढवणारा प्रत्येक जण तीच सोपी रेसिपी शेकडो वेळा बनवतो आणि तयार झालेला ढीग मिळेल त्या भावाला काढून टाकतो. तो वस्तूसाठी नव्हे, अनुभवासाठी (लेव्हल वाढवणाऱ्या गुणांसाठी) पैसे मोजत असतो. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’मध्ये कितीतरी वस्तू याच कारणाने त्यांच्या कच्च्या मालापेक्षा कमी किमतीला विकल्या जातात. त्या गेममध्ये ९९ वी लेव्हल गाठण्यास १,३०,३४,४३१ इतका अनुभव लागतो आणि त्याचा निम्मा टप्पा ९२ व्या लेव्हलला येतो. म्हणजे शेवटच्या सात लेव्हलची मजल आधीच्या सगळ्या मजलेएवढी आहे. आपल्याला हवी असलेली रेसिपी कितव्या लेव्हलला खुली होते ते पाहून तिथेच थांबावे. पुढची वाट हौसेची आहे आणि हौसेचा खर्च हौसेच्या खात्यावर लिहावा.

लेव्हल वाढवायचे ठरलेच, तर खर्च कमी ठेवण्याचे मार्ग आहेत. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये नारिंगी रंगाची रेसिपी बनवली की कसबाचा गुण नक्की वाढतो, पिवळ्याने बहुधा वाढतो, हिरव्याने क्वचित आणि करड्याने कधीच नाही. म्हणून भाव पाहताना एका वस्तूचा खर्च न पाहता एका गुणाचा खर्च पाहावा: २ गोल्डची हिरवी रेसिपी चार वेळा बनवून एक गुण मिळणार असेल, तर ६ गोल्डची नारिंगी रेसिपी तिच्यापेक्षा स्वस्त आहे. ‘फायनल फँटसी १४’मध्ये आठही हस्तकसबे एकाच पात्राला शिकता येतात, आणि ग्रँड कंपनी या गेममधल्या सैन्यसंस्थेकडे प्रत्येक कसबाची एक वस्तू रोज जमा केली की मोठा अनुभव मिळतो, घाई नसेल तर तो मार्ग सर्वांत कमी खर्चाचा आहे. तिथली अडचण वेगळीच आहे: सुताराला चांभाराचे कातडे लागते आणि लोहाराला सुताराचे लाकूड, त्यामुळे एकच कसब वाढवले तर हातातला पैसा सतत दुसऱ्या कारागिरांकडे जात राहतो.

लेव्हल वाढवताना साठलेल्या मालाचे काय करावे, यासाठी सराफ्यातला झारेकरी आठवावा. सोनारांच्या दुकानातली धूळ धुऊन तो सोन्याचे कण काढतो. ‘वॉरक्राफ्ट’मधले एन्चांटिंगही हेच काम करते, न खपणारी हिरव्या दर्जाची शस्त्रे-चिलखते डिसएन्चांट केली, म्हणजे जादूने मोडली, की जी धूळ मिळते, तिला बाजारात सतत गिऱ्हाईक असते. हे प्रोफेशन असलेला मित्र जवळ असेल, तर न खपणारा माल आधी त्याच्याकडे पाठवावा.

वेळ निवडणे ही मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. गेमचा नवा विस्तार (एक्सपान्शन) येतो तेव्हा पहिल्या एक-दोन आठवड्यांत सगळे एकदम लेव्हल वाढवू लागतात आणि धातू, कातडी, वनस्पती यांचे भाव चढतात. त्या दिवसांत खाणकाम किंवा वनस्पती गोळा करणे घ्यावे, कच्चा माल तसाच विकावा आणि भाव उतरल्यावर मग कारागिरी हाती घ्यावी. याला अपवाद एवढाच, की पहिल्या काही दिवसांतच वरच्या रेसिपीपर्यंत पोहोचण्याइतका वेळ आपल्याजवळ असेल; तेव्हा वस्तू बनवणारे थोडे असतात आणि घडणावळ मागू तेवढी मिळते. मी एकदा या दोन्हींच्या मधोमध सापडलो. पहिल्या आठवड्यात महाग धातू घेतला, नोकरीमुळे रोज दोनच तास खेळता आले, आणि मी वर पोहोचलो तोवर त्याच वस्तू निम्म्या भावाला मांडलेल्या होत्या.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या ‘ड्रॅगनफ्लाइट’ या विस्ताराने ‘वॉरक्राफ्ट’मधला हा हिशेब आणखी बदलला. वस्तूंना दर्जा आला, विशेष कौशल्याचे ज्ञान-गुण आठवड्या-आठवड्याने मिळू लागले, त्यामुळे नुसती लेव्हल भरून वरचा दर्जा हाती येत नाही. त्याबरोबर क्राफ्टिंग ऑर्डरही आल्या. गिऱ्हाईक आपला कच्चा माल देतो आणि कारागिराला ठरलेली मजुरी देतो. घरचे जुने सोने सराफ्यात नेऊन नवा दागिना घडवून घेण्यासारखाच हा व्यवहार आहे. यात कारागिराचे भांडवल फारसे अडकत नाही आणि भाव उतरण्याची भीतीही त्याला नसते. ज्याच्याजवळ गोल्ड थोडे पण नियमाने खेळण्याची शिस्त आहे, त्याने एकाच शाखेत ज्ञान-गुण घालून ऑर्डरींवरच भर द्यावा, असे मी सुचवीन.

प्रोफेशन घेण्यापूर्वी निदान एक आठवडा वही ठेवावी. मांडलेली किंमत लिहिण्यापेक्षा माल किती हलला हे लिहावे. सकाळी ४० नग होते आणि रात्री १५ उरले, ही नोंद भावापेक्षा अधिक सांगते. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये रेडचे साप्ताहिक कुलूप (तीच रेड त्या आठवड्यात पुन्हा करू न देणारे बंधन) अमेरिकी सर्व्हरवर मंगळवारी आणि युरोपीय सर्व्हरवर बुधवारी उघडते, त्यामुळे फ्लास्क आणि खाद्यपदार्थांची मागणी त्या सुमारास वाढते. एका दिवसाचा भाव पाहून निर्णय घेतला तर नेमका हाच दिवस पाहिला जाण्याचा धोका असतो.

आठवड्याच्या नोंदीनंतर घडणावळ कराएवढीही उरत नसेल, तर ते प्रोफेशन घेऊ नये. आधीच घेतलेले असेल आणि बदलायचे असेल, तर ‘क्लासिक’मध्ये प्रोफेशन सोडताच त्याची लेव्हल आणि सगळ्या रेसिपी जातात, हे ध्यानात ठेवावे. बँकेतला कच्चा माल बनवून विकण्यासारखा असेल तो आधी बनवून घ्यावा, उरलेला तसाच ऑक्शन हाउसला लावावा, आणि त्यानंतरच ते सोडण्याचे बटण दाबावे.