विडी वळणाऱ्या बायकांसाठी कॅन्सर तपासणी ठेवायचीय? मंडपाचं नंतर बघा
आपल्या सोलापुरात कॅन्सर जागृती म्हटलं की बॅनर, पाहुण्यांचा सत्कार, दोन भाषणं, नाश्ता आणि झालं. तुमच्या मंडळाला किंवा बचत गटाला खरंच काही करायचं असेल तर उलट्या बाजूनं सुरू करा. तपासणीत एखादीचं काही संशयास्पद निघालं तर ती कुठं जाणार, सोबत कोण आणि त्या दिवशीची मजुरी बुडाली तर काय, हे आधी ठरवा, तारीख मग काढा.

म्हणून पहिली चक्कर सिव्हिलला. मेडिकल कॉलेजच्या पीएसएम विभागात (म्हणजे लोकांच्या आरोग्याचं, रोग टाळायचं काम बघणारा विभाग) भेटा, वस्तीत जाणं हे त्यांच्या कामातच येतं, त्यांनाच म्हणा की डेंटल आणि गायनॅकवाल्यांशी गाठ घालून द्या. ओपीडीचे वार, केसपेपर कुठं निघतो, फोन कुणाला करायचा, सगळं लिहून घ्या. "पाठवा की, बघू" यावर विसंबू नका, डॉक्टरांच्या बदल्या होतात, इंटर्न तर सारखे बदलतात, त्यामुळं पत्र विभागाच्या नावानं घ्या.

तसं हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही बरं का. बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलमधून १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी, म्हणजे गावांतल्या कॅन्सर पेशंटची पद्धतशीर नोंद ठेवणं, सुरू झाली. पेशंट येईल तेव्हा बघू असं न करता तिथली माणसं गावोगाव फिरली, लक्षणं समजावली, शंका असलेल्यांना तपासायला आणलं, आणि काही वर्षांत गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लवकरच्या स्टेजला सापडायचं प्रमाण वाढलं. शहरात बसून आपल्याला हे माहीतच नसतं!

आता वस्ती. कुंभारीचं विडी कामगारांचं गोदूताई परुळेकर घरकुल म्हणजे १० हजार घरं, शहराचा पूर्व भाग वेगळाच. सकाळी ११ ला हॉलमध्ये या म्हणलं तर कोण येणार, हजार विड्या पुऱ्या करायच्या असतात. तुम्हीच दुपारी जा, चार जणी मांडीवर सूप घेऊन ओट्यावर वळत बसलेल्या असतात, हात चालू पण कान मोकळे. बोलणारी अक्का वस्तीतलीच आणि तेलुगू बोलणारी हवी, मराठी पोस्टर कितीही रंगीत असू दे.

आणि पहिल्याच वाक्याला "तंबाखू विष आहे" नको. तिचं घर त्याच्यावर चालतं, शिवाय "मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" हे तुम्हाला ऐकावं लागणारच. त्यापेक्षा हातात आरसा आणि मोबाईलची बॅटरी द्या. गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली बघायला लावा. पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, तीन बोटं उभी तोंडात जातात का. एकीनं केलं की बाकीच्या आपोआप करतात, हसत हसत नवऱ्यालाही करायला लावतात (गुटखा-मावावाला तर तोच असतो).

छातीतली गाठ बहुतेक वेळा दुखत नाही आणि दुखत नाही म्हणूनच बायका थांबतात, हे दोनदा सांगा. पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं किंवा संबंधानंतर रक्त गेलं तर थांबायचं नाही. हे बोलणं दार लावून, बाईनंच. गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीत साधारण व्हिनेगरसारखंच सौम्य ॲसिड लावून मिनिटभर थांबून बघतात, चिरफाड नसते, हे आधी कळलं तर निम्मी भीती जाते. कॅन्सर शेजारी बसून, एका ताटात जेवून पसरत नाही हे सासूसमोर सांगा, कारण ताट वेगळं करणारी बहुतेक तीच असते.

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांवरच्यांची तोंड, स्तन आणि गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी आहेच, त्याचा फॉर्म आशाताई भरतात. तर त्यांना सोबत घ्या, वेगळी चूल मांडू नका.

शेवटी वही. नाव, फोन, काय दिसलं, कोणत्या वारी जायचं, सोबत कोण, आणि एक रकाना "जाऊन आली का". न गेलेलीच्या घरी आठवड्याच्या आत कुणीतरी जायचंच. जाताना रेशनकार्ड आणि आधार घ्यायला लावा. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं) टेबल असतं, पैसे भरायच्या आधी तिथं विचारा.