बारा व्होल्टवरची छोटी टेस्ला कॉइल: घरच्या टेबलावर कशी बांधावी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखाद्या दुकानापाशी पाच मिनिटं उभं राहा. कारागीर सतारीची वरची तार छेडतो आणि खालच्या तरफेच्या तारा, ज्यांना कुणी हातही लावलेला नसतो, गुणगुणायला लागतात. सगळ्या नाहीत. ज्या तारेचा सूर जुळलेला असतो, तीच बोलते.

टेस्ला कॉइल ही विजेची तरफ आहे. खाली जाड तारेचे चार वेढे, मधोमध बारीक तारेचे तीनशे वेढे. खालच्या वेढ्यांत वीज बरोबर त्या तीनशे वेढ्यांच्या सुरात चालू-बंद झाली, की वरच्या टोकाला दाब चढत जातो आणि शेजारी धरलेला सीएफएल दिवा वायरीशिवाय उजळतो. निकोला टेस्ला यांनी १८९१ साली ही रचना मांडली, तेव्हा वीज चालू-बंद करायला ठिणगीची फट वापरावी लागत होती. आपण तेच काम एका ट्रान्झिस्टरकडून करून घेणार आहोत. ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात जन्माला आला. सांगलीचं वालचंद कॉलेजही त्याच सालचं, आणि हे दोन्ही मला नेहमी एकत्रच आठवतं.

या सर्किटला स्लेअर एक्सायटर म्हणतात. दुय्यम कॉइलचं, म्हणजे त्या तीनशे वेढ्यांचं, खालचं टोक थेट ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, जोडलेलं असतं, त्यामुळे सूर जुळवायला वेगळं काही करावं लागत नाही. कॉइल स्वतःच ट्रान्झिस्टरला सांगते, आता चालू हो, आता बंद हो. सेकंदाला काही दशलक्ष वेळा.

आधी हे वाचा

वीज फक्त १२ व्होल्टची, तीही बॅटरीची किंवा जुन्या राउटरच्या अ‍ॅडॉप्टरची. भिंतीतल्या २३० व्होल्टवर थेट चालणारी सर्किटं इंटरनेटवर खूप दिसतात. ती या लेखाचा भाग नाहीत आणि घरच्या टेबलावर ती करू नयेत, त्यात जीव जातो.

आपल्या कॉइलचा झटका जाणवत नाही, म्हणून लोक तिच्या टोकाला बोट लावतात. एवढ्या जलद वारंवारतेला नसा दाद देत नाहीत, पण कातडी भाजतेच. बारीक पांढरा ठिपका पडतो, आणि तो दिसतो त्यापेक्षा खोल असतो. पेसमेकर किंवा श्रवणयंत्र असलेली व्यक्ती त्या खोलीत नको. मोबाइल, लॅपटॉप, पेन ड्राइव्ह दोन मीटर लांब ठेवा. आणि वरच्या टोकाचं व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर लावू नका, मीटर जाईल.

सामान

बीडी१३९ किंवा डी८८२ हा एनपीएन ट्रान्झिस्टर, चार-पाच नग, कारण एक-दोन नक्की जळतात. बऱ्याच ठिकाणी टीआयपी३१सी सुचवलेला असतो. तो मजबूत आहे, पण वेगाने कमी पडतो. मोठ्या कॉइलवर चालून जातो, आपल्या एवढ्या लहान कॉइलवर रडतो. त्याशिवाय २२ किलो-ओहमचा रेझिस्टर (लाल-लाल-नारिंगी), एक लाल एलईडी, १०० मायक्रोफॅरडचा आणि ०.१ मायक्रोफॅरडचा असे दोन कपॅसिटर, १ अँपिअरचा फ्यूज, एक पुश बटण, छोटी हीटसिंक (ट्रान्झिस्टर थंड ठेवणारा धातूचा तुकडा) आणि झिरो पीसीबीचा, म्हणजे भोकं असलेल्या जोडणीच्या बोर्डाचा, तुकडा. यातलं सगळं सांगली-मिरजेत इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानात मिळतं.

पाइप म्हणून वायरिंगचा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, १५ सेंटिमीटर लांब. पुठ्ठ्याची नळी नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि कॉइलचा जोर तिथेच मरतो.

तार ३२ गेजची, इनॅमल चढवलेली तांब्याची. ही इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात शोधण्यापेक्षा रिवाइंडिंगवाल्याकडे मागा. विहिरीवरच्या मोटारी भरणाऱ्याकडे जाड तार असते. पंखे आणि मिक्सर भरणाऱ्याकडे बारीक मिळते, वजनावर. तीनशे वेढ्यांना साधारण २४ मीटर तार लागते आणि तिचं वजन जेमतेम १३ ग्रॅम भरतं. तरी ५० ग्रॅम आणा, कारण पहिली कॉइल बहुतेक वेळा दुसरी करायला शिकवते. ३४ गेज मिळाली तरी चालेल.

विजेसाठी १२ व्होल्ट १ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर पुरतो. तासगाव-पलूसकडच्या द्राक्षवाल्यांच्या घरी पाठीवरच्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी असतेच, तीही उत्तम. पण ती शॉर्ट झाली तर वायर लाल होते, म्हणून फ्यूज टाळायचा नाही.

तीनशे वेढे

खरं काम हे आहे. सर्किट अर्ध्या तासात होतं. कॉइलला मात्र तासभर शांत बसावं लागतं, आणि तुमचा दिवा पेटणार की नाही हे या तासातच ठरतं.

मी हे शिकलो ते आमच्या भागातल्या एका रिवाइंडिंगवाल्या काकांकडून. त्यांनी पहिल्याच दिवशी माझा हात थांबवला: ‘तार फिरवायची नाही, पाइप फिरवायचा. तार आपल्या जागेवर राहते, पाइप तिला ओढून घेतो.’ तार पाइपाभोवती गुंडाळत गेलात तर प्रत्येक वेढ्याला तिला पीळ पडतो, पिळाची गाठ होते आणि गाठीवर इनॅमल तडकतं. पाइप फिरवला तर तार सरळ येते.

पाइपच्या खालच्या टोकापासून दोन सेंटिमीटरवर सुईने बारीक भोक पाडा, त्यातून तारेचं टोक आत घेऊन वीतभर बाहेर ठेवा आणि वर टेप लावा. तारेचं रीळ पायाच्या अंगठ्यात किंवा खुर्चीच्या दांडीत असं अडकवा की ते मोकळं फिरेल. आता डाव्या हाताने पाइप फिरवायचा, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने तार हलकी ताणून धरायची. वेढा वेढ्याला चिकटून बसला पाहिजे, पण एकही दुसऱ्यावर चढता कामा नये. चढला तर वरचा वेढा खालच्या कितीतरी वेढ्यांच्या अंतरावरचं व्होल्टेज घेऊन त्याच्यावर टेकतो आणि तिथे आत ठिणगी पडते. एखादा चढलाच तर तेवढेच मागे उलगडा आणि पुन्हा बसवा. मध्ये फट राहिली तर नखाने सरकवता येते.

दर पन्नास वेढ्यांनंतर टेपची एक बारीक पट्टी लावा आणि कागदावर रेघ मारा. पहिल्या खेपेला मी हे केलं नव्हतं. दोनशे चाळीसाव्या वेढ्याच्या आसपास दारावरची बेल वाजली, अंगठा सुटला आणि सगळी तार स्प्रिंगसारखी उसळून खाली आली. ती तार परत वापरता येत नाही, घड्या पडतात.

तीनशे वेढे झाले की सुमारे ९ सेंटिमीटरची चकचकीत तांबूस पट्टी तयार होते. वरचं टोकही भोकातून घेऊन बाहेर काढा. पारदर्शक नेलपॉलिशचा किंवा वाइंडिंगच्या व्हार्निशचा एक हात द्या आणि रात्रभर वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकांचं एक-एक सेंटिमीटर इनॅमल पॉलिश पेपरने खरवडा, तांब्याचा रंग उघडा पडेपर्यंत. मल्टिमीटर ओहमवर लावून दोन्ही टोकांत मोजा. साधारण ७ ओहम आले तर कॉइल शाबूत आहे. काहीच दाखवत नसेल तर इनॅमल नीट निघालेलं नाही किंवा आत तार तुटली आहे.

वरच्या टोकाला टेबल टेनिसचा चेंडू अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुळगुळीत गुंडाळून बसवा आणि तार फॉइलला घट्ट टेकवा. सुरकुत्या आणि टोकं नकोत, तिथून वीज हवेत गळते.

प्राथमिक कॉइल आणि जोडणी

घरच्या वायरिंगची १ चौरस मिलिमीटरची प्लास्टिक आवरणाची वायर ४० मिलिमीटरच्या पाइपवर चार वेढे गुंडाळा, पाइप काढून घ्या आणि ते कडं दुय्यम कॉइलच्या पायथ्याशी, तिच्याभोवती बसवा. दोन्हींत थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे.

ट्रान्झिस्टरची छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीडी१३९ आणि डी८८२ या दोन्हींत डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असा क्रम असतो. मधला पाय बेस असेल असं गृहीत धरून फसणारे पुष्कळ. पाठीमागचा धातूही कलेक्टरलाच जोडलेला असतो, त्यामुळे हीटसिंक दुसऱ्या कशाला टेकू देऊ नका.

आता जोडा. बॅटरीचं प्लस फ्यूज आणि पुश बटणातून पुढे आणा. तिथून एक वाट प्राथमिक कॉइलच्या एका टोकाला, कॉइलचं दुसरं टोक कलेक्टरला. प्लसपासूनच दुसरी वाट २२ किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून बेसला. दुय्यम कॉइलचं खालचं टोक बेसला. एमिटर मायनसला. एलईडी नेहमीच्या उलट लावायचा आहे, म्हणजे लांब पाय मायनसला आणि आखूड पाय बेसला. बेस शून्याच्या खाली जातो तेव्हा हाच एलईडी परतीची वाट देतो, आणि सर्किट चालू असल्याची खूणही तोच देतो. दोन्ही कपॅसिटर प्लस-मायनसमध्ये, बोर्डाच्या जवळ. मोठ्याची पट्टीची बाजू मायनसला. वायरी आखूड ठेवा, या वारंवारतेला लांब वायर म्हणजे आणखी एक कॉइल.

पुश बटणच का, स्विच का नाही? बोट उचललं की सगळं बंद होतं म्हणून.

पहिल्यांदा चालू करताना

सीएफएल दिवा काचेच्या बाजूने चेंडूपासून चार बोटांवर धरा आणि बटण दोन सेकंद दाबा. दिवा उजळला तर झालं. आतल्या विरळ वायूत आणि पाऱ्याच्या वाफेत वेगाने उलटसुलट होणारं विद्युत क्षेत्र शिरतं, अतिनील प्रकाश निघतो आणि काचेवरचा पांढरा लेप तो दिसेल असा करतो. हल्ली घराघरांत एलईडी ट्यूब आहेत. त्यांत वायू नसतो, त्या या प्रयोगात पेटत नाहीत, आणि निष्कारण वाटतं की आपली कॉइल बिघडली. सीएफएल जपून धरा, फुटला तर पारा बाहेर येतो. घरचा नियॉन टेस्टर त्याहून सोयीचा, जवळ नेला की नारिंगी लुकलुकतो.

काहीच झालं नाही तर पहिल्यांदा प्राथमिक कॉइलची दोन टोकं अदलाबदल करा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा दोष एवढाच असतो. वेढ्यांची दिशा उलटी असेल तर ट्रान्झिस्टरला साथ मिळण्याऐवजी अडथळा मिळतो. त्यानंतर एलईडीची दिशा, ट्रान्झिस्टरचे पाय, खरवडलेली टोकं. एवढं करूनही नाही तर एक वेढा कमी करून पाहा, नाहीतर रेझिस्टर १० किलो-ओहमचा लावा. दरवेळी बॅटरी सोडवूनच हात घाला. दिवा न पेटता ट्रान्झिस्टर चटके देण्याइतका तापत असेल तर बटण धरून बसू नका, तो काही सेकंदांत जाईल.

चालू झाल्यावर कडं थोडं वर-खाली सरकवून पाहा, अर्थात वीज बंद करून. एका जागी दिवा सर्वांत प्रखर होतो, तिथे ते चिकटवा. मायनसला एक लांब वायर जोडून ती टेबलाखाली पसरलेल्या फॉइलला लावली तर जोर आणखी वाढतो. लांब निळ्या विजा मात्र निघणार नाहीत. १२ व्होल्टवर दोन-चार मिलिमीटरची जांभळट ठिणगी, एवढंच.

घरात जुना मीडियम वेव्हचा रेडिओ असेल तर आकाशवाणी सांगली लावा, १२५१ किलोहर्ट्झ, आणि बटण दाबा. स्टेशन दबेल किंवा खरखरेल. तुमची कॉइल म्हणजे एक छोटा, बेशिस्त प्रक्षेपक आहे. शेजाऱ्यांचा रेडिओही तेच ऐकतो, म्हणून एका वेळी मिनिटभरापेक्षा जास्त चालवू नका. तेवढ्यात ट्रान्झिस्टरही थंड राहतो.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ठेवणार असाल तर सगळी कॉइल मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या बरणीखाली ठेवा आणि बटण स्वतःच्या हातात. दिवा बरणीच्या बाहेरूनही पेटतो.