गेमिंग पीसी पहिल्यांदाच अपग्रेड करताय? या चुका टाळा

नवं ग्राफिक्स कार्ड हौसेने घेतलं जातं आणि ते जोडलं जातं कॅबिनेटसोबत आलेल्या जुन्या एसएमपीएसला, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं, त्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात; एसएमपीएसची ८ पिनची केबल आणखी १५० वॅट देते. डेस्कटॉपवर सगळं सुरळीत, पण गेम रंगात आला की पीसी धाडकन बंद, असं होत असेल तर कार्ड परत करायला धावू नका, आधी एसएमपीएसवर संशय घ्या. बजेट तुटपुंजं असेल तर माझ्या मते एक पायरी खालचं कार्ड घ्यावं, पण एसएमपीएसमध्ये काटकसर नको.

मॉड्युलर, म्हणजे केबल्स काढता-लावता येणारा एसएमपीएस बदलताना जुन्या केबल्स नव्याला अजिबात लावू नका. प्लग बेमालूम बसतो, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग हार्ड डिस्क किंवा एसएसडी जळते.

रॅम घेण्याआधी मदरबोर्ड डीडीआर४ रॅमचा आहे की डीडीआर५ चा, ते बघा; एकाची स्टिक दुसऱ्यात बसत नाही. चार स्लॉट आणि दोन स्टिक असतील, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. स्क्रीन काळीच राहिली तर स्टिक काढून टक् आवाज येईपर्यंत पुन्हा दाबा. ३२०० वेगाची रॅम टास्क मॅनेजरमध्ये २१३३ किंवा २६६६ दिसली तर ती खराब नाही. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना चालणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा.

एएमडीच्या बी४५० मदरबोर्डावर रायझन ५ ५६०० प्रोसेसर बसवायचा असेल तर जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट करा, नाहीतर डिस्प्लेच येणार नाही. आणि एएम४ (अशा बोर्डांवरचं प्रोसेसरचं सॉकेट) चा कूलर सरळ वर ओढू नका. कूलर आणि प्रोसेसरमधली थर्मल पेस्ट घट्ट झालेली असते, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. थोडा वेळ गेम चालवून पेस्ट गरम होऊ द्या, पीसी बंद करून वायर काढा, कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

एवढं करूनही एफपीएस (गेमच्या दर सेकंदाच्या फ्रेम्स) जुनेच? मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना, ते बघा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो ६० वर अडकलेला नाही याचीही खात्री करा.