थायलंडला मुलांना इंग्रजी शिकवायला निघालात? आधी कमी बोलायची प्रॅक्टिस करा

मी पुण्यातल्या वारज्याची. एम.ए. इंग्लिश, दोन वर्षं एका क्लासमध्ये स्पोकन इंग्लिश शिकवलेलं, आणि मग थायलंडमधल्या एका छोट्या गावात तिसरी-चौथीच्या पोरांना इंग्रजी शिकवायला गेले. आता ओळखीतलं कोणी ना कोणी दर महिन्याला फोन करून विचारतं की काय काय करायचं, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

कागदपत्रांचं आधी. देश निवडताना स्वतःचा पासपोर्ट बघून निवडा. कोरियात खासगी क्लासमध्ये इंग्रजी शिकवायचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका एवढ्याच देशांच्या लोकांना मिळतो, आपलं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी. थायलंडमध्ये वाट आहे. पदवी लागते, १२० तासांचा टेफल कोर्स (परक्या भाषकांना इंग्रजी शिकवायचं प्रशिक्षण) केलेला असला की बरं पडतं, आणि आपण 'नेटिव्ह स्पीकर' धरले जात नाही म्हणून बऱ्याच शाळा टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ९९० पैकी निदान ६०० मागतात. डिग्रीचं अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचे शिक्के, आधी राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडून, मग परराष्ट्र मंत्रालय, मग थायलंडची एम्बसी, याला वेळ जातो त्यामुळे नोकरी पक्की व्हायची वाट न बघता सुरू करा. पोलीस क्लिअरन्स, म्हणजे आपल्यावर गुन्हा नसल्याचा दाखला, पुण्यात मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून होतं. शाळा कागद पाठवते, त्यावर नॉन-इमिग्रंट बी हा कामासाठीचा व्हिसा, आणि वर्क परमिट तिकडे गेल्यावर. मला एका एजंटने सांगितलेलं की टुरिस्ट व्हिसावर जा, बाकीचं नंतर बघू, आणि ॲडव्हान्स घेऊन नंतर फोन उचलणं बंद केलं. टुरिस्ट व्हिसावर काम करणं तिथे गुन्हा आहे, त्यावर जा म्हणणारा भेटला तर तिथूनच उठा.

आता खरं काम, म्हणजे वर्ग.

पहिल्या दिवशी माझ्यासमोर ४२ मुलं होती. मी रात्रभर तयारी केलेली, स्वतःची ओळख, भारताचा नकाशा, पुणे कुठे आहे, शनिवारवाड्याचा फोटो, आणि मी पंधरा मिनिटं छान स्पष्ट हळू इंग्रजीत बोलले. मुलं अतिशय शहाण्यासारखी बसून होती. मी विचारलं समजलं का, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकाला विचारलं, माझं नाव काय, तर तो रडवेला झाला. त्याला एक अक्षर कळलेलं नव्हतं आणि बाकीच्यांनाही. तेव्हा काही सुचेना म्हणून पिशवीतली छत्री काढली, उघडली, म्हटलं 'ओपन', मिटली, म्हटलं 'क्लोज'. तिसऱ्या वेळेला अख्खा वर्ग ओरडत होता. मग एक मुलगी पुढे आली आणि तिच्या हुकमावर मी छत्री उघडायला-मिटायला लागले. त्या तासाला मी जेमतेम दहा शब्द बोलले असेन, आणि मुलं शंभरदा तरी बोलली. आपल्याकडे चांगले सर म्हणजे जे सुंदर बोलतात ते, ही सवय इतकी खोल असते की ती मोडायलाच मला महिना लागला.

त्यामुळे पुण्यातच ही प्रॅक्टिस करा. सोसायटीत कोणी तमिळ किंवा बंगाली कुटुंब असेल तर त्यांच्या मुलाला वीस मिनिटं मराठी शिकवून बघा, हिंदी नाही, इंग्रजी नाही, फक्त वस्तू, हात आणि चेहरा. दहा मिनिटांत कळतं आपण किती फुकट बोलतो ते. सूचना तीन-चार शब्दांच्या वर जाऊ देऊ नका, आणि स्वतः करून दाखवल्याशिवाय सांगू नका. 'समजलं का' हा प्रश्न तर कायमचा सोडा, त्याऐवजी छत्री हातात धरून 'ओपन की क्लोज?' असं विचारा, कळलंय की नाही ते लगेच दिसतं. आणि एकट्या मुलाला उभं करू नका, आधी सगळे मिळून, मग एकेक रांग, मग जोड्या, आणि शेवटी ज्याला हौस असेल तो एकटा. थाई मुलं चारचौघांत चुकायला फार लाजतात.

खेळ आपलेच चालतात. लगोरीच्या सात ठिकऱ्यांवर सात शब्द चिकटवले, जी ठिकरी रचायची तिचा शब्द मोठ्याने म्हणायचा. लेफ्ट-राइट शिकवायला आंधळी कोशिंबीर, डोळे बांधलेल्याला बाकीचे ओरडून दिशा सांगतात.

उच्चारांवर मात्र वेळ द्या, इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी मोजकेच आवाज येतात, त्यामुळे शेवटचा 'ल' असेल तर त्याचा 'न' होतो, फुटबॉलचा 'फुटबॉन', ॲपलचं 'ॲप्पन', आणि राइसमधला 'स' गळूनच जातो, नुसतं 'राइ' उरतं. हा आळशीपणा नाही, त्यांच्या भाषेचा नियम आहे, हे कळलं की राग येत नाही. मी शेवटच्या 'स'साठी सापाची खूण ठेवली होती, हात वळवळला की मुलं 'स्स्स' लांबवायची. तसंच थाई क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही आणि अनेकवचनाला प्रत्यय नाही, म्हणून 'यस्टरडे आय गो' हे वर्षभर ऐकावं लागतं, पहिल्या टर्मला ते सोडून द्या. आणि स्वतःचंही तपासा, आपण मराठी माणसं व्हॅनचा 'व्ह' आणि विंडोचा 'व' बोलताना बऱ्याचदा एकच करून टाकतो, मुलं तेच उचलतात. फोनवर रेकॉर्ड करून ऐका.

थोडी थाई शिकाच, आणि आपल्याला ती वाटते तेवढी परकी नाही. अक्षरमाला आपल्यासारखीच क-ख पासून, कंठ्य मग तालव्य अशा क्रमाने जाते. सवातदी म्हणजे स्वस्ति, फासा म्हणजे भाषा, आचान म्हणजे आचार्य, आणि शिक्षकाला म्हणतात ख्रू, म्हणजे आपला गुरू. शिक्षकांना परवाना देणारी संस्थाच खुरुसभा, म्हणजे गुरुसभा. प्रत्येक मुलाला लांबलचक खऱ्या नावाशिवाय एक टोपणनाव असतं, मिंट, आइस, बँक असलं काहीतरी, ते पहिल्या आठवड्यात पाठ करा. आणि आपण प्रेमाने पोराच्या डोक्यावरून हात फिरवतो ना, तो तिथे फिरवायचा नाही, डोकं फार पवित्र मानतात.

शाळा मेच्या मध्याला सुरू होते आणि जूनमध्ये साधारण एका गुरुवारी 'वाइ ख्रू' असतं, शिक्षकांना वंदन करायचा दिवस. मुलं गुडघ्यांवर सरकत येतात आणि फुलांची आरास हातात देतात. त्यात लाल झुपकेदार फुलांशेजारी वांग्याची फुलं असतात आणि एक गवत असतं. मी ते हातात घेऊन बघितलं तर दुर्वा. ती पसरते तशी विद्या पसरावी म्हणून. घरापासून इतक्या लांब गुरुवारी कोणीतरी दुर्वा हातात देतंय म्हटल्यावर मला रडूच आलं, आणि मुलं घाबरली. त्या दिवशी शिकवायचं काही ठेवू नका.

जाताना पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून स्टिकर, रबरी शिक्के आणि जाड कार्डपेपर घेऊन जा. फ्लॅशकार्ड मोठी बनवा, शेवटच्या बाकावरून दिसतील एवढी. आणि घरच्यांना सांगून ठेवा की तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, रात्री साडेदहाला फोन केला तर तुमच्याकडे बारा वाजलेले असतात आणि सकाळी आठला झेंडावंदनाला उभं राहायचं असतं.