व्हायकिंग स्टडीजमध्ये एमए करायचंय? मग या चुका टाळा

आइसलँडची राजधानी रेक्याविकला आइसलँड युनिव्हर्सिटीत व्हायकिंग आणि मध्ययुगीन नॉर्स (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियाच्या) स्टडीजचं एमए आहे, दोन वर्षांचं, 120 क्रेडिट्सचं, इंग्रजीतून. सिरीज आणि गेम्स बघून या विषयाकडे वळलेल्यांना कमी लेखायचं काही कारण नाही, आवड कुठूनही लागू शकते. पण पहिल्या सेमिस्टरला गाडं अडतं ते ठरलेल्या ठिकाणीच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सागा, म्हणजे आइसलँडमधली जुनी गद्य कथा, वाचायची आणि "व्हायकिंग असे होते" असं बेधडक लिहून मोकळं व्हायचं. एगिलची सागाच घ्या ना. एगिल दहाव्या शतकातला, सागा लिहिली गेली तेराव्या शतकात, आणि आज छापील आवृत्तीत आपण जी वाचतो ती मुख्यतः मोद्रुवात्लाबोक नावाच्या चौदाव्या शतकातल्या हस्तलिखितावरून. मधे इ.स. 1000 च्या सुमारास आइसलँडने ख्रिश्चन धर्म स्वीकारलेला, म्हणजे ओडिन या जुन्या नॉर्स देवाच्या गोष्टी ज्याच्यामुळे आपल्यापर्यंत पोचल्या तो आइसलँडिक लेखक स्नोरी स्टुर्लुसन (1179 ते 1241) सुद्धा ख्रिश्चनच. चिटणीस बखर महाराजांच्या नंतर शंभरहून जास्त वर्षांनी लिहिली गेली हे माहीत असल्यावर आपण ती शिवकाळाचा डोळ्यांदेखतचा पुरावा म्हणून वापरत नाही, इथेही तेवढंच भान ठेवायचं.

पण म्हणून सागा खोट्या म्हणून बाजूला टाकणं हीसुद्धा चूकच, आणि ही हुशार पोरं जास्त करतात. तेराव्या शतकात आइसलँडमधली बडी घराणी एकमेकांच्या जिवावर उठलेली, 1262 ते 1264 मध्ये देश नॉर्वेच्या राजाच्या ताब्यात गेला, अशा काळातली माणसं आपल्या पूर्वजांची भांडणं, कोर्टकज्जे, सूड हे सगळं का लिहून ठेवत होती, हा प्रश्न मला तरी लढायांपेक्षा कितीतरी भारी वाटतो. नोट्स काढताना तीन रकाने करा: घटना कधीची, मजकूर कधीचा, हस्तलिखित कधीचं. पेपर अडला की आधी हे रकाने बघा, गोंधळ बहुतेक तिथेच असतो.

दुसरी चूक, भाषा "तिथे गेल्यावर बघू" म्हणून सोडणं. सागा ज्या भाषेत आहेत त्या ओल्ड नॉर्समध्ये तीन लिंगं, चार विभक्ती. तीन लिंगं आपल्याला नवीन नाहीत, शब्दाचं रूप बदलतं हेही नाही, त्यामुळे घाबरू नका, पण रूपं पाठ करावीच लागतात. डिक्शनरीत शब्द सापडत नाही ही कायमची तक्रार असते, आणि कारण बहुतेक वेळा एकच, मधला स्वर बदललेला असतो. 'मोन्नुम' शोधत बसाल तर मिळणार नाही, ते 'मध्र' म्हणजे माणूस या शब्दाचं रूप आहे, तिथे बघा. व्हायकिंग सोसायटी फॉर नॉर्दर्न रिसर्चने व्याकरणाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट ठेवलीयेत, जायच्या आधीच सुरू करा.

मग हस्तलिखितं. छापील आवृत्तीतलं स्पेलिंग संपादकांनी एकसारखं केलेलं असतं, वासराच्या कातड्यावरचं मूळ पान तसं नसतं. शब्द तोडून अर्धवट लिहिलेले, अक्षरांवर आडव्या रेघा, 'आणि' साठी सातच्या आकड्यासारखी नुसती खूण. वाचता येत नाही म्हणून खचू नका, हस्तलिखितांचे फोटो ऑनलाइन आहेत, छापील मजकूर शेजारी ठेवून रोज चार ओळी लावा. मोडी शिकलेल्यांना ही सवय असेलच.

छोट्या गोष्टी पटकन. आइसलँडिक लेखक संदर्भयादीत पहिल्या नावाने लावायचे, म्हणजे आर्नी माग्नुसॉन हे नाव 'आर्नी'खाली, कारण माग्नुसॉन हे आडनाव नाहीच, वडिलांचं नाव आहे. शिंगवाली हेल्मेट प्रेझेंटेशनमध्ये नकोत, 1943 ला नॉर्वेत ग्येर्मुंडबूला मिळालेल्या व्हायकिंग हेल्मेटला शिंगं नाहीत.

आणि पैशांचं. आइसलँडऐवजी नॉर्वेचा विचार करत असाल, तर नॉर्वेत शिक्षण फुकट हे जुनं झालं, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत 2023 पासून ट्यूशन फी आहे. आइसलँडला रेसिडन्स परमिटसाठी खर्चाची सोय दाखवावी लागते आणि रेक्याविकमधलं भाडं प्रचंड आहे, तेव्हा अ‍ॅडमिशनच्या फॉर्मबरोबरच हॉस्टेलचाही फॉर्म कधी भरता येतो ते बघून ठेवा.