कॅज्युअल्टीतल्या सिस्टरना कौटुंबिक हिंसेबद्दल बोलायला कसं शिकवावं

नर्सेसचं प्रशिक्षण घेताना मी कायद्यापासून सुरुवात करत नाही. आधी दोघींना पुढे बोलावते: एक पेशंट बनते, एक सिस्टर. पेशंट म्हणते, "बाथरूममध्ये घसरले." वळ मात्र कोपर ते मनगट, हाताच्या बाहेरच्या बाजूला. मार अडवायला हात वर केला की तिथेच लागतं. नवरा शेजारून हलत नाही.

त्याला केसपेपर काढायला पाठवा. पडदा ओढा, स्टूल घेऊन बसा. मग म्हणा, "अशा जखमा कधीकधी घरातल्या मारानं होतात, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते. तुम्हाला कुणी मारलं का?" हे वाक्य प्रत्येकीकडून तोंडात बसेपर्यंत म्हणून घ्या. "तुम्ही काय केलं होतं?" हा प्रश्न सरावातसुद्धा खपवून घेऊ नका. त्यानं बाई कायमची गप्प होते.

नाही म्हणाली तर उलटतपासणी नको. "कधीही या," एवढं सांगा.

हो म्हणाली तर तिचे शब्द जसेच्या तसे लिहा. जखमेची जागा, आकार, रंगही. आज घरी जाणं सुरक्षित आहे का, मुलं कुठे आहेत, हे विचारा. मदतीच्या माहितीचं पत्रक देण्याआधी ते घरी कुणाच्या हाती लागेल, याचा विचार करा. त्यापेक्षा महिला हेल्पलाइनचा 181 हा नंबर तिच्याकडून पाठ करून घ्यावा.

कायदा शेवटी, थोडक्यात. कौटुंबिक हिंसेपासून महिलांना संरक्षण देणाऱ्या 2005 च्या कायद्यानुसार तक्रार केलेली नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली हिंसा सोसणाऱ्या बायकांना मदत करणारं ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं. तसं केंद्र जवळ असेल तर सिस्टरनी तिला स्वतः तिथवर न्यावं. नसेल तर या कायद्याखाली अशा बायकांच्या मदतीसाठी नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचा नंबर ड्युटी टेबलावर हवाच.