हेलिकॉप्टर आणि जेट: लष्करी प्रशिक्षणात हाताला काय वेगळं शिकावं लागतं

एनडीए, सीडीएस किंवा एएफकॅट या लष्करी अधिकारी भरतीच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या खानदेशातल्या मुलामुलींना विचारलं, काय उडवायचंय, तर दहापैकी नऊ जण सुखोई या लढाऊ जेटचं नाव घेतात. त्यात गैर काही नाही. पण हेलिकॉप्टर म्हणजे फायटर हुकलेल्यांची सोय, हा समज मात्र घरीच सोडून जा. हेलिकॉप्टरचे सुरुवातीचे तास सगळं लक्ष मागतात. मन दुसरीकडे असेल तर हात बसत नाही, आणि हात बसला नाही तर सोलो, म्हणजे एकट्याने करायचं पहिलं उड्डाण, लांबतो.

वाट कुठे फुटते

वायुसेनेत सुरुवात सगळ्यांची एकच: हैदराबादजवळच्या दुंडिगलची एअर फोर्स अकादमी. २०१३ पासून तिथे पिलाटस पीसी-७ मार्क २ या टर्बोप्रॉप विमानावर प्राथमिक प्रशिक्षण होतं. त्यानंतर फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर अशा तीन वाटा फुटतात. तुमची पसंती विचारली जाते, पण निर्णय गुणवत्ता, इन्स्ट्रक्टरचं मत आणि दलाची गरज यांवर होतो. फायटरवाले पुढे बिदरला हॉक मार्क १३२ या प्रशिक्षण जेटवर जातात, हेलिकॉप्टरवाले हकीमपेटला चेतक हेलिकॉप्टरवर.

भूदलाचे हेलिकॉप्टर पायलट आपल्या शेजारी नाशिकला घडतात, कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये. कॅप्टन अभिलाषा बराक २०२२ मध्ये याच शाळेतून भूदलाच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर म्हणून बाहेर पडल्या. नौदलाची हेलिकॉप्टर शाळा तमिळनाडूत अरक्कोणमला, आयएनएस राजाली या तळावर आहे.

हातात काय असतं

जेटमध्ये उजव्या हातात स्टिक, डाव्या हातात थ्रॉटल, पायाखाली रडर. विमान नीट ट्रिम केलं, म्हणजे स्टिकवरचा दाब संतुलित करून घेतला, की हात क्षणभर सोडला तरी ते आपली दिशा धरून राहतं.

हेलिकॉप्टरमध्ये उजव्या हातात सायक्लिक. त्याने रोटरची फिरती तबकडी झुकते आणि यंत्र त्या बाजूला सरकतं. डाव्या हाताला सीटजवळ कलेक्टिव्ह. तो वर ओढला की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि यंत्र उचललं जातं. पायातले पेडल शेपटीचा रोटर सांभाळतात. खरी अडचण अशी, की यातलं एक हललं की बाकी दोन्ही हलवावे लागतात. कलेक्टिव्ह वाढवला की रोटरला जास्त ताकद लागते, त्याची उलटी प्रतिक्रिया धडावर येते आणि नाक फिरतं. चेतकचा रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून ताकद वाढवताना उजवं पेडल द्यावं लागतं. अपाचेसारख्या अमेरिकी हेलिकॉप्टरचा रोटर उलटा फिरतो, तिथे डावं. पुढे यंत्र बदललं की पायाची ही सवय जाणीवपूर्वक बदलावी लागते.

हॉवर: इथेच सगळे अडकतात

जमिनीपासून दीड-दोन मीटरवर एका जागी स्थिर राहणं याला हॉवर म्हणतात. इन्स्ट्रक्टर एका वेळी एकच गोष्ट तुमच्या हाती देतो: आधी पेडल, मग कलेक्टिव्ह, शेवटी सायक्लिक, आणि ते जमलं की तिन्ही. सायक्लिक हातात आला की बहुतेकांचं यंत्र झुल्यासारखं डोलायला लागतं. कारण सोपं आहे. सायक्लिक हलवल्यानंतर यंत्र सरकायला किंचित वेळ लागतो. शिकाऊ कॅडेटला वाटतं काहीच झालं नाही, म्हणून तो आणखी ढकलतो. तेवढ्यात दोन्ही हालचालींचा परिणाम एकदम येतो, तो घाबरून उलटा ओढतो, आणि प्रत्येक फेरीत झोका वाढत जातो.

उपाय तीन. उजवा हात कोपरापर्यंत मांडीवर टेकवा, म्हणजे मनगटाबाहेर हालचाल जातच नाही. काठी हलवू नका, फक्त दाब द्या आणि लगेच काढून घ्या. नजर रोटरखालच्या गवतावर नको. दूरचं झाड किंवा हँगर धरा, कारण जवळच्या जमिनीवर नजर असली की दर इंचाची हालचाल मोठी वाटते आणि हात जास्तच करतो.

इंजिन बंद पडलं तर

सवयींची सगळ्यात धोकादायक गल्लत इथे होते. पिलाटसवर शिकवलेलं असतं, की इंजिन गेलं तर नाक खाली घ्या आणि ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाविना तरंगत उतरण्याचा, वेग धरा. तीच सवय घेऊन आलेला हात हेलिकॉप्टरमध्ये सायक्लिक पुढे ढकलतो. ते चुकीचं आहे. पात्यांवरचा भार कमी होऊन रोटरचा वेग आणखी पडतो. पहिलं काम कलेक्टिव्ह पूर्ण खाली, तेही एक-दोन सेकंदांत. पात्यांचा कोन कमी झाला की खालून येणारी हवा रोटर फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. मग वेग सांभाळत खाली यायचं, जमिनीजवळ नाक वर घेऊन वेग मारायचा, यंत्र सपाट करायचं आणि उरलेल्या रोटरवेगावर कलेक्टिव्ह ओढून अलगद टेकायचं. यंत्र जमिनीच्या फार जवळ आल्यावर नाक वर घेतलं तर शेपूट आपटते. कलेक्टिव्ह लवकर ओढला तर रोटरची शक्ती वरच संपते आणि यंत्र पडतं.

यावर विश्वास बसायला एक उदाहरण पुरे. २१ जून १९७२ रोजी फ्रान्सच्या जाँ बुले यांनी लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेलं. तिथे इंजिन बंद पडलं आणि ते ऑटोरोटेशन करत थेट जमिनीवर उतरले. त्याच लामाची भारतात बनलेली आवृत्ती म्हणजे आपलं चीता.

जेटमध्ये याच प्रसंगी आधी वेगाचं उंचीत रूपांतर करतात, मग इंजिन पुन्हा सुरू करून पाहतात, आणि ठरलेल्या उंचीपर्यंत जमलं नाही तर इजेक्शन, म्हणजे सीटसकट विमानाबाहेर फेकलं जाणं. हॉकची सीट शून्य उंची, शून्य वेगावरही काम करते. चेतकमध्ये अशी सीट नाही, म्हणून ऑटोरोटेशन पुन्हा पुन्हा घोटून घेतात.

जेटचं ओझं: वेग आणि जी

जेटमध्ये हातापेक्षा डोकं मागे पडतं. घरी करता येईल असा सराव सांगतो. १:२,५०,००० चा नकाशा घ्या आणि जळगाव ते धुळे सरळ रेषा मारा. अंतर साधारण ८२ किलोमीटर, नकाशावर जवळपास ३३ सेंटिमीटर. हेलिकॉप्टर ९० नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) गेलं तर मिनिटाला २.८ किलोमीटर, म्हणजे अर्धा तास. गिरणा ओलांडा, डाव्या हाताला एरंडोल, मग पारोळा, उजवीकडे दूर अमळनेर, मध्ये बोरी, शेवटी पांझरा. प्रत्येक खूण शोधायला वेळ आहे. तोच मार्ग ४२० नॉटने मिनिटाला १३ किलोमीटर, म्हणजे सव्वासहा मिनिटांत संपतो. एक खूण शोधत बसलात तर पुढच्या दोन गेलेल्या असतात. म्हणून जेटवर घड्याळ आधी, मग नकाशा, मग जमीन: कोणत्या मिनिटाला काय दिसायला हवं ते आधी लिहून ठेवा आणि त्याच मिनिटाला बाहेर बघा. स्टॉपवॉच लावून दोन्ही वेगांनी नकाशावर बोट फिरवा, फरक लगेच कळेल.

वळणाचंही तसंच. ६० नॉट वेग आणि ३० अंश बँक (बाजूला झुकाव) असताना वळणाची त्रिज्या सुमारे १७० मीटर येते. ३०० नॉटला ६० अंश बँक देऊनही ती सुमारे १,४०० मीटर, आणि अंगावर २ जी, म्हणजे आपल्या वजनाच्या दुप्पट भार. लढाऊ वळणांत जी त्याहून खूप वाढतो. रक्त पायांकडे जातं, आधी दिसणं करडं होतं, मग शुद्ध हरपते. जी-सूट पायांना आणि पोटाला दाबून साधारण एक-दीड जीची मदत करतो. आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील यांनी २००९ मध्ये राष्ट्रपती असताना पुण्याहून सुखोईतून उड्डाण केलं, तेव्हा त्यांनीही हा सूट घातला होता. बाकीचं काम शरीराचं: जी येण्याआधीच पिंढऱ्या, मांड्या, नितंब आणि पोट आवळायचं, श्वास रोखायचा आणि दर तीन सेकंदांनी झटक्यात बदलायचा. उशिरा आवळलं तर उपयोग नाही. यासाठी नुसतं लांब पळणं पुरत नाही, स्क्वॉटसारखे ताकदीचे व्यायाम हवेत. पाणीही भरपूर प्या, शरीर कोरडं पडलं की जी सोसत नाही.

आपला उन्हाळा, आपली माती

हवा तापली की विरळ होते. जळगावची उंची सुमारे ७०० फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान १३.६ अंश. मे महिन्यात ४५ अंश असेल तर फरक ३१.४ अंशांचा. दर अंशाला १२० फूट धरले की घनता-उंची, म्हणजे हवेच्या विरळपणाच्या हिशेबाने येणारी उंची, साडेचार हजार फुटांच्या जवळ जाते. हेलिकॉप्टरला हे जास्त जाचतं, कारण हॉवरला सगळ्यात जास्त ताकद लागते. वजन कमी करा किंवा पहाटे उडा. जेटला त्याच उन्हात धावपट्टी जास्त लागते.

नांगरलेल्या कोरड्या शेतात उतरताना रोटरचा वारा धुरळा उठवतो आणि जमीन दिसेनाशी होते. अशा वेळी हॉवर करत रेंगाळू नका. एकच खूण धरा आणि ती हरवली तर ताबडतोब वर निघा. खाली उडताना दीपनगरच्या वीजकेंद्राहून निघणाऱ्या उच्च दाबाच्या तारांसारख्या तारा जवळजवळ दिसतच नाहीत, म्हणून मनोरे शोधा आणि तारा मनोऱ्यावरूनच ओलांडा.

क्लास लावण्याआधी

मापं आधी घ्या. फ्लाइंग शाखेसाठी उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, बसलेली उंची ८१.५ ते ९६, पायाची लांबी ९९ ते १२०, मांडी ६४ पर्यंत. भिंतीला पाठ आणि नितंब टेकवून सपाट जमिनीवर बसा. भिंतीपासून सरळ केलेल्या पायाच्या टाचेपर्यंत पायाची लांबी, जमिनीपासून डोक्याच्या टोकापर्यंत बसलेली उंची. गुडघा वाकवून भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मांडी. सोबत डोळ्यांची आणि रंग ओळखण्याची तपासणी सरकारी रुग्णालयात करून घ्या, आणि त्या वर्षीच्या जाहिरातीशी ताडून पहा.

एसएसबी, म्हणजे अधिकारी निवड मंडळाच्या मुलाखतीच्या तयारीसाठी नाशिक रोडचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. दहावीनंतर लगेच सुरुवात करायची तर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची आणि मुलींसाठी नाशिकची सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था. निवडीत सीपीएसएस नावाची वैमानिक-क्षमता चाचणी असते. ती आयुष्यात एकदाच देता येते, आणि नापास झालात तर वायुसेनेत वैमानिक होण्याचा रस्ता बंद होतो. तिच्यात हात, पाय आणि डोळे यांचा मेळ तपासतात, त्यामुळे आदल्या रात्री जागरण करून प्रवास करू नका. भुसावळहून गाडी असेल तर एक दिवस आधीची पकडा.